चौथी फेरी

प्रिय मास्तरीणबाई,

ही हाक वाचून दचकली असशील. नवी नवी घरात आलीस तेव्हा मी लिहिलेली वाणसामानाची यादी तू लाल पेनानं तपासून परत दिली होतीस, ऱ्हस्व-दीर्घासकट. तेव्हापासून मी तुला मास्तरीणबाई म्हणायला लागले आणि तू लटकं रागवायला लागलीस. मग ते का थांबलं ते आपल्या दोघींनाही माहीत आहे. गेली चार वर्षं मी तुला नुसतं ‘अगं’ म्हणते, नाहीतर ‘ठमीची आई’. आज लिहायला बसले आणि हात आपोआप जुन्या हाकेवर गेला. असू दे तसंच. या पत्रातल्या चुका मात्र काढू नकोस. चष्मा जुना झालाय.

आम्ही घाटमाथ्यावरच्या एका लॉजमध्ये अडकलो आहोत. परवा पलीकडच्या उतारावर दरड आली, रस्ता उद्या सकाळी मोकळा होईल म्हणतात. घर इथून दीड दिवसावर. खाली जेवणाच्या खोलीत आठ टेबलं आहेत आणि गिऱ्हाईक आम्ही दोघंच. खिडकीबाहेर धुकं इतकं दाट की समोरचं दुकान कधी असतं, कधी नसतं. तुझे सासरे अंगणात गाडीखाली पाठीवर पडून ब्रेक तपासतायत. काल तपासले, आज पुन्हा. बस डेपोत अडतीस वर्षं ब्रेकच केले त्यांनी, त्यामुळे आमच्या गाडीत बाकी काहीही बिघडो, ती थांबते मात्र हमखास. आत्ता त्यांना ते बिघडलेत असं वाटत नाहीये. त्यांना आत येऊन माझ्यासमोर बसायचं नाहीये, एवढंच.

दर वर्षी आम्ही परत आलो की तू दार उघडायचीस, माझ्या तोंडाकडे बघायचीस, आणि मी ‘नाही’ म्हणायचे. सात दिवसांचा प्रवास त्या एका शब्दात संपायचा. वेगळी राहायला गेलीस त्यानंतरही मी तुझ्या त्या दोन खोल्यांच्या जिन्यात उभी राहून तेवढंच सांगून खाली उतरायचे. ठमीला बघून यायचे, पण तुला बसून काही सांगायचं नाही असं मी मनाशी ठरवलेलं होतं. या खेपेला सांगते. सगळं सांगते.

किनाऱ्याचा रस्ता फार सुंदर आहे गं. हे बोलायची चार वर्षांत सोय नव्हती. मुलाला शोधायला निघालेल्या बाईनं समुद्राचं कौतुक करायचं नसतं. पण सकाळी पहिला बोगदा संपला की एकदम डाव्या हाताला सगळं पाणी उघडं पडतं, खाली खडकांवर पांढरा फेस, वर कड्याला चिकटलेली घरं, आणि रस्ता त्या दोघांच्या मधून असा जातो, जसा कापडावर खडूनं बेतलेला गळा. पहिल्या वर्षी मला काही दिसलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी दिसलं आणि मी मान खाली घातली. या वर्षी बघत बसले. हेही रंगात होते. गाडीशी गप्पा चालल्या होत्या, ‘चल गं बाई, एवढा चढ चढ, मग उतारच आहे.’ माझ्याशी जन्मात एवढ्या गोडीनं बोलले नाहीत, असं मी म्हटलं, तर म्हणाले, ‘ती उलट बोलत नाही.’ आम्ही दोघं हसलो. एका वळणावर गाडी थांबवली तिथे नवीन लग्न झालेलं एक जोडपं फोटो काढत होतं. आमचाही काढून दिला त्यांनी. ती मुलगी म्हणाली, ‘या वयात असं दोघांनीच फिरायला निघायचं म्हणजे किती छान!’ हे म्हणाले, ‘हो, आम्ही दर वर्षी येतो.’ तिला तरी काय सांगायचं?

बंदरावर नेहमीप्रमाणे आधी बर्फाच्या कारखान्यात गेलो. तुला ती जागा मी कधी नीट सांगितलीच नाही. लांबलचक पत्र्याची शेड, आत ओली फरशी, भिंतीशी बर्फाच्या लाद्या उभ्या, आणि कोपऱ्यात तो मोठा कॉम्प्रेसर, बाबूनं शेवटचा दुरुस्त केलेला. तो अजून व्यवस्थित चालतो. मुकादम आता आम्हाला लांबूनच ओळखतो. आम्ही पर्समधून बाबूचा फोटो काढायच्या आत मान हलवतो आणि दोन खुर्च्या आणून ठेवतो. बाबू गेला त्या दिवसाचं तो तेच तेच सांगतो आणि मी तेच तेच ऐकते. चार तास काम केलं, कागदावर सही घेतली, साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, चहा घेतला, ‘येतो’ म्हणाला. मग त्याची व्हॅन धक्क्यापाशी सापडली. कुलूप लावलेली, हत्यारांची पेटी आत, चावी पुढच्या चाकावर. चावी ठेवून गेला म्हणजे परत येणारच, असं मी चार वर्षं धरून बसले होते. पोलिसांनी समुद्राकडे बोट दाखवलं, आणि मी चावी धरून बसले.

पुढचे तीन दिवस नेहमीचेच. लॉज, गॅरेज, दवाखाने, पेट्रोल पंप. फोटो दाखवायचा, समोरच्याचे डोळे वाचायचे, फोटो पर्समध्ये ठेवायचा. मागच्या वर्षीपासून फोटोचे कोपरे मऊ पडायला लागले म्हणून मी मागून कापड लावून शिवून घेतला. मग समुद्र सुटला आणि डोंगर लागले. हवा गार झाली, कान दडपले, झाडं उंच उंच आणि काळपट व्हायला लागली. पाचव्या दिवशी डोंगरातल्या त्या छोट्या गावात शिरलो तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील.

तुला माहीत आहे, मी माणसं चेहऱ्यावरून ओळखत नाही, खांद्यावरून ओळखते. चाळीस वर्षं शाळांचे गणवेश बेतण्यात गेली, नजर आधी शिवणीवर जाते. बाबूचा डावा खांदा हत्यारांची पेटी उचलून उचलून अर्धा इंच खाली आला होता. तुमच्या लग्नातल्या त्याच्या कोटाला मी डावीकडे आतून जास्तीचं अस्तर भरलं होतं, कुणाला कळलंसुद्धा नाही. गावाबाहेर लाकडाची वखार आहे. तिथे एक माणूस आमच्याकडे पाठ करून फळ्या रचत होता. डावा खांदा अर्धा इंच खाली.

गाडी पुरती थांबलीसुद्धा नव्हती. मी दार उघडून पळाले. या गुडघ्यांनी कशी पळाले कोण जाणे. त्याची बाही धरली आणि बाबू म्हणून हाक मारली. तो वळला. पंचेचाळिशीचा असेल, दाढी, डोळे शांत. बाबू नव्हता. माझ्या डोळ्यांना ते लगेच कळलं होतं गं, पण हातांना कळलं नाही. मी त्याला म्हणत राहिले, ‘दाढी वाढवलीस म्हणून आई ओळखणार नाही का? चल घरी. कुणी काही विचारणार नाही.’ कुणीतरी करवत बंद केली. तो बिचारा म्हणाला, ‘आजी, तुमचा काहीतरी घोटाळा होतोय,’ आणि मग हात सोडवून न घेता तसाच उभा राहिला. मी त्याच्या गालावरून हात फिरवला, तोही फिरवू दिला. शेवटी हे आले आणि त्यांनी माझं एकेक बोट त्याच्या बाहीवरून सोडवलं. पाच बोटं सोडवायला खूप वेळ लागला.

गाडीत बसल्यावर मी तोंड पुसलं आणि यांना म्हणाले, ‘हरकत नाही. पुढच्या वर्षी आपण उलटीकडून येऊ. आधी डोंगर, मग किनारा. थंडी संपायची वाट बघायला नको, लवकरच निघू.’ गाव मागे पडलं, चढ सुरू झाला. दहा-बारा मिनिटं गेली असतील. एका वळणावर गाड्या उभ्या करायला जागा होती, तिथे त्यांनी गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून समोर बघत म्हणाले, ‘त्यानं फोन केला होता.’

मला आधी वाटलं, वखारीतल्या माणसाबद्दल बोलतायत.

तुला तो दिवस आठवत असेल. व्हॅन सापडल्यानंतरचा अकरावा दिवस. आपण दोघी त्या लांबच्या इस्पितळात गेलो होतो, सापडलेला माणूस बाबू आहे का ते बघायला. चादर बाजूला करेपर्यंत तू माझा हात इतका घट्ट धरला होतास की बांगडी वाकली. तो कुणीतरी दुसराच होता, आणि आपल्याला आनंद झाला, आणि त्या आनंदाची लाज वाटून आपण परतीच्या बसमध्ये एकमेकींशी बोललो नाही. घरी आलो तर यांनी ठमीला आंघोळ घालून, भरवून झोपवलं होतं. आपण ‘तो नव्हता’ म्हटलं आणि हे दारातच खाली बसून ओक्साबोक्शी रडले. आपल्याला वाटलं, सुटकेचं रडू. त्याच दुपारी फोन आला होता. आपण दोघी तिथे मेलेल्या माणसांच्या खोलीबाहेर बाकावर बसलो होतो, आणि इकडे तो स्वतःच्या तोंडानं बापाशी बोलत होता.

फार नाही बोलला म्हणे. म्हणाला, ‘मी ठीक आहे. मी परत येणार नाही. शोधू नका. तिचं काही चुकलेलं नाही, आईचंही नाही. मला जमत नव्हतं.’ काय जमत नव्हतं, असं यांनी विचारलं. तर म्हणाला, ‘काहीच.’ आणि मग म्हणाला, ‘आईला किंवा तिला सांगितलंत तर मी पुन्हा फोन करणार नाही. नाही सांगितलंत तर करीन.’

त्या शेवटच्या वाक्यावर हे चार वर्षं जगले. मिठाची गुळणी धरून बसले. घरातला जुना फोन काढून टाकू म्हटलं की अंगावर यायचे, आठवतं? तू म्हणायचीस, बाबा हट्टी झालेत. फोन वाजला की हातातला घास टाकून धावायचे. पुन्हा कधीच आला नाही. एकदाही नाही. पोरानं बापाला गळ टाकला आणि दोरी सोडून निघून गेला.

मी विचारलं, मग मला दर वर्षी हिंडवलंत कशाला? म्हणाले, ‘घरात तू जेवत नव्हतीस. गाडीत बसलीस की जेवायचीस. सात दिवस माझ्याशी बोलायचीस.’ खरंच होतं ते. मग मी विचारलं, आणि समजा तो दिसला असता तर? म्हणाले, ‘मी तुझ्या आधी बघायचो. तुझं लक्ष दुसरीकडे वळवून गाडी पुढे न्यायची, असं ठरवलं होतं.’ दिसला होता का कधी? ‘नाही,’ म्हणाले. तीनदा विचारलं, तीनदा नाही म्हणाले. पण चार वर्षं ताकास तूर न लागू देणाऱ्या माणसाच्या ‘नाही’वर मी विश्वास कसा ठेवू? आता त्या रस्त्यावरचं एकेक वळण आठवते आणि यांनी कुठे कुठे मला ‘ते बघ पाणी’, ‘ते बघ पाखरं’ म्हणून दाखवलं ते आठवत बसते. एवढा सुंदर रस्ता, पण आता त्यातलं काहीही मला नुसतं पाणी किंवा नुसती पाखरं म्हणून आठवायचं नाही.

त्या जागेवरून समोर सगळा डोंगर दिसत होता, उन्हात न्हालेला. मी गाडीतून उतरले. वाटलं, चालत सुटावं. वीस पावलं गेले, दम लागला, कठड्यावर बसले. हे मागून माझी शाल घेऊन आले, कठड्यावर ठेवली आणि परत गाडीत जाऊन बसले. थंडी वाजायला लागली तेव्हा मी शाल घेतली आणि मीही गाडीत जाऊन बसले. दुसरं करणार काय? त्या डोंगरात मला घरी नेणारं दुसरं कोण होतं? तेव्हापासून आम्ही जरुरीपुरतं बोलतो. चहा हवा का. खिडकी लाव. मी त्यांना माफ केलेलं नाही, आणि करीन असं वाटतही नाही. त्यांनी मागितलीही नाही माफी. उरलेलं आयुष्य हे असंच एका टेबलावर समोरासमोर जाईल. बाबूबद्दल मला आता रागसुद्धा येत नाही नीट. रागवायला समोर माणूस लागतो.

पण तुझ्याबाबतीत मी जे केलं, त्याला समोर माणूस होता. तू होतीस. व्हॅन सापडली त्या आठवड्यात मी तुला स्वयंपाकघरात उभी करून म्हणाले, तुझ्या रोजच्या कटकटीला कंटाळून गेला तो. तू ओट्यावरचं पातेलं घासत राहिलीस, घासून झालेलं पुन्हा घासत राहिलीस. मला वाटलं, गप्प आहे म्हणजे पटलंय. तू त्याचे कपडे कपाटातून काढून खोक्यात भरलेस, मी ते सगळे पुन्हा इस्त्री करून लावले. तू लावू दिलेस. आणि गेल्या वर्षी शाळेच्या ग्रंथालयातल्या त्या गृहस्थांबद्दल तू धीर करून मला सांगायला आलीस, ठमी त्यांच्यापाशी रमते म्हणालीस, तर मी काय म्हणाले? म्हणाले, ‘तू दुसरं घर केलंस तर माझ्या पोराला तूच मारलंस असं मी समजेन.’ तू चहा न पिता उठलीस. त्यानंतर त्यांचं नाव काढलं नाहीस. आणि तो तर पहिल्याच महिन्यात सांगून मोकळा झाला होता, तिचं काही चुकलेलं नाही म्हणून. हे वाक्य तुझं होतं, मास्तरीणबाई. तुझ्यासाठी आलेलं ते एकच वाक्य, आणि ते आमच्या घरात चार वर्षं पडून राहिलं. तुझ्या वयाची चार वर्षं. मी क्षमा मागितली तरी ती परत यायची नाहीत, आणि मागते आहे ती तू करावीस म्हणून नाही. मी म्हणाले ते खोटं होतं, हे माझ्याच हातानं लिहिलेलं तुझ्यापाशी असावं.

आता आम्ही घरी पोचेपर्यंत न थांबता हे पत्र इथूनच का धाडते आहे ते सांगते. तू दोनदा वकिलाचे कागद पाठवलेस, दोन्ही वेळा मी सही न करता परत केले. वकील म्हणाला होता की माणूस नुसता हरवलेला असेल तर वर्षानुवर्षं थांबावं लागतं, पण तो आपल्या मर्जीनं सोडून गेला असं सांगणारं कुणी असेल तर तू लवकर मोकळी होशील. ते सांगणारं माणूस घरातच होतं. काल दुपारी मी लॉजच्या बाईकडून कोरे कागद मागून आणले आणि यांच्यासमोर ठेवले. पेन उघडून हातात दिलं. हे म्हणाले, ‘लिहिलं की तो फोन करणार नाही.’ मी म्हटलं, ‘तो करणार नाहीच आहे.’ तासभर नुसते बसले. मग लिहिलं. तारीख, वेळ, तो जे बोलला ते शब्दन् शब्द, खाली सही. साक्षीदार म्हणून मी सही केली, लॉजच्या बाईनंही केली. तो कागद या पाकिटात आहे. कोर्टात उभं राहावं लागलं तर हे उभे राहतील, मी त्यांना घेऊन येईन. घरी गेल्यावर माझं मन फिरेल याची मला भीती वाटते, मी मला ओळखते, म्हणून रस्ता मोकळा व्हायच्या आत हे पोस्टात टाकतेय. ठमीला काय सांगायचं ते तुम्ही दोघं ठरवा, तू आणि ते ग्रंथालयातले. आम्ही पुढच्या वर्षी कुठे जाणार नाही. उत्तर लिहायला बसू नकोस. आधी वकिलाकडे जा.

उशिरा का होईना, तुझीच,
आई